आठ विती

दादा, आज दुपारी मी एका डॉक्टरांना वर्कशॉपच्या फरशीवर उताणं झोपवलं. खाली पुठ्ठा अंथरला, डोक्याखाली त्यांच्याच गाडीतली उशी दिली आणि डोक्यापाशी एक, पायाच्या अंगठ्यांपाशी एक अशा खडूनं दोन रेघा मारल्या. डॉक्टर हसत होते, कामगार वेल्डिंग थांबवून बघत होते. 'मॅडम, उंची लिहून घ्या की. पाच फूट सहा इंच,' डॉक्टर पडल्या पडल्या म्हणाले. मी म्हटलं, मला उभ्या माणसाची उंची नको, झोपलेला माणूस पाहिजे. झोपल्यावर पावलं पुढं पडतात, मान सैल होते, माणूस तीन-चार इंचांनी लांब होतो. हे मला, तुमच्या लेकीला, कॉलेजात कुणी शिकवलं नाही. तुम्हाला ते न शिकताच ठाऊक होतं.

तुम्ही गेल्याला अठरा वर्षं झाली, तेव्हा आधी माझं काय चाललंय ते सांगते. लातूरच्या एमआयडीसीत बसच्या आणि अँब्युलन्सच्या बॉड्या बांधणारं एक वर्कशॉप आहे, तिथं मी ड्रॉइंगचं काम बघते. या डॉक्टरांनी दोन दारांची छोटी फोर बाय फोर जीप घेतली आहे आणि त्यांना तिच्या टपावर झोपायची सोय करून हवी आहे. टप चारी बाजूंनी सरळ वर उचलायचा, डिकीला असतात तसले गॅसचे शॉकर लावून. चहूकडून ताडपत्रीचा कपडा, आत फळी. पण गाडी इतकी बुटकी आणि आखूड की टपाच्या लांबीत माणूस मावत नाही, म्हणून फळीचा एक तुकडा बिजागरीवर मागं उलटून स्टेपनीच्या वर येतो. आई आता माझ्याकडेच असते. तिला सांगितलं तर म्हणाली, 'घरदार सोडून टपावर? येडा हाय का त्यो?' तिला तुमची जीप आठवली नाही की आठवूनही तिनं विषय काढला नाही, ते मला कळलं नाही.

तुमची जीप आरोग्य खात्याला भाड्यानं लावलेली होती. महिन्यातले दहा-बारा दिवस तुम्ही किनवटच्या जंगलातल्या गावांत. साहेब लोक शाळेच्या खोलीत नाहीतर आश्रमशाळेच्या होस्टेलवर झोपायचे, नर्सबाई कुणाच्या तरी घरी, आणि ड्रायव्हरनं गाडी सांभाळायची म्हणजे गाडीतच झोपायचं. सहा फुटांचा माणूस पुढच्या दोन सीटांवर. बरगडीत गिअर, गुडघे हनुवटीला. नायगावला घरी आलात की दोन दिवस तुम्ही ओसरीवर आडवे पडून नुसते पाय ताणत राहायचा. आई तुम्हाला ओलांडून ये-जा करताना म्हणायची, 'उंट आला घरी.' ती पीठ मळतेय, मी दाराशी अभ्यास करतेय, आणि तुम्ही छताकडं बघत म्हणताय, 'मला बाकी कायबी न्हाई पाह्यजे बघ. पाय लांब करून झोपायचंय, बस.' एवढीच मागणी होती तुमची.

मी तेव्हा नांदेडला पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला होते. मला तिथं घालताना काकांनी तुमच्याशी कडाक्याचं भांडण केलं होतं. 'पोरीला मशीन शिकवून काय ट्रॅक्टर हाणायला लावतो का?' असं ते चारचौघांत म्हणाले होते आणि तुम्ही त्यांच्याशी वर्षभर अबोला धरला होता. एके दिवशी तुम्ही होस्टेलच्या गेटवर आलात. एका हातात धपाट्यांचा डबा, दुसऱ्या हातात दवाखान्याच्या चिठ्ठीमागे काढलेलं चित्र. एक खोकं, त्याला चार काड्या, वर झाकण. 'टप असा वर उचलायचा, खाली फळी. फळीचा तुकडा मागं उलटायचा. तू नीट नकाशा काढून दे. मिस्त्री म्हणतो, नकाशा असंल तर करून देतो.' चित्राखाली लिहिलं होतं, लांबी आठ विती.

'दादा, वीत हे काय माप झालं? घरात टेप नाही का?'

'हाय ना. पण मी झोपल्यावर कोन धरणार टेप? तुझ्या आईला हसू आवरंना. मंग डोक्यापशी एक रेघ मारली, पायापशी एक, आन् उठून वितीनं मोजलं. चांगलं ऐसपैस आठ भरलं.'

'म्हणजे बाहत्तर इंच,' मी म्हणाले. वीत म्हणजे नऊ इंच, हे शाळेत पाठ केलेलं होतं. 'तू म्हणशील ते,' तुम्ही म्हणालात. डबा अजून तुमच्याच हातात होता. मोठा स्टीलचा डबा, आणि तुमची बोटं त्याला एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सहज धरून होती. आई त्याच डब्याला दोन्ही हात लावायची. तो हात माझ्यासमोर होता आणि मी तो बघितला नाही. माझं सबमिशन होतं, मैत्रिणी गेटवर उभ्या होत्या, तुमचा शर्ट धुळीनं भरलेला होता, आणि तुम्ही लवकर जावं असं मला वाटत होतं. हो, तसंच वाटत होतं. तुमची वीत नऊ इंचांची नव्हती दादा, पावणेदहाची तरी असेल. आठ वेळा पाऊण इंच म्हणजे सहा इंच. चौथीतल्या मुलीला येईल असं गणित आहे हे.

नकाशा मी एका संध्याकाळी उरकला. खाली नावाची चौकट मात्र काढायला तासभर घातला. अक्षरं अशी एका रेषेत की सर म्हणाले असते छापलीत का. मिस्त्रींनी नकाशाबरहुकूम काम केलं, एक सूत इकडंतिकडं नाही. त्यानंतर प्रत्येक सुट्टीत मी विचारायचे, 'दादा, झोप कशी लागते?' आणि तुम्ही म्हणायचा, 'राजावानी.' सहा वर्षं ती जीप किनवटच्या वाटेवर धावली. मग ती विकली, तिच्याबरोबर तो टपही गेला, आणि काही वर्षांनी तुम्ही. पण माझी ती गोष्ट कुठं गेली नाही. पहिल्या नोकरीच्या इंटरव्ह्यूत मी ती सांगितली. लग्नाच्या आधी ह्यांना सांगितली. वर्कशॉपला कॉलेजची मुलं बघायला येतात, त्यांना तर दरवर्षी सांगते. माझं पहिलं ड्रॉइंग मी पास व्हायच्या आधीच बांधून झालं होतं, आणि माझे वडील त्यावर पाय ताणून झोपत होते. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून यायचे, आणि मला ते आवडायचं.

मागच्या महिन्यात मी नायगावला जाऊन मिस्त्रींना भेटले. डॉक्टरांच्या गाडीचा टप खाली घेताना कपडा फटीत अडकत होता, आणि मला आठवलं की तुमच्या जीपचा कधी अडकला नाही. मिस्त्री आता थकलेत, जाड भिंगाचा चष्मा आहे, पण आवाज तोच. 'काय करून राहिली ताई आता?' त्यांनी विचारलं. मी सांगितलं तर उठून कपाटातून सायकलच्या ट्यूबची एक पट्टी काढून दाखवली. 'ही आतून चहूकडं शिवली व्हती म्या. टप खाली आला की रबर कपड्याला आत वढतंय.' इतकं सोपं. मी खूश होऊन वहीत लिहून घेत होते.

'कपडा अडकला न्हाई कधी,' ते पुढं म्हणाले, 'पर पायाकडून फाटायचा. दर साली ठिगळ लावून दिलं म्या.'

'पायाकडूनच का?'

'फळी आखूड व्हती ना. टाचा कपड्याला घासायच्या. मंग दादा कुशीवर, पाय पोटात घेऊन झोपायचे.' ते माझ्याकडं बघायला लागले. 'तुमाला म्हाईत न्हाई? म्या म्हणलं व्हतं, अर्ध्या फुटाची पट्टी जोडून देतो, एका दुपारचं काम हाय. तर म्हणले, न्हाई, लेकीच्या नकाशात हात घालायचा न्हाई.'

परत येताना मी गाडीत तुमच्याशी मोठ्यानं भांडले. ड्रायव्हर नव्हता म्हणून बरं, मीच चालवत होते. अर्ध्या फुटासाठी सहा वर्षं पाय पोटात घेऊन झोपणाऱ्या माणसाचं कौतुक काय करायचं? चिडच येते. एकदा, फक्त एकदा म्हणाला असतात, 'अगं, आखूड झालंय जरा,' तर मी खोडरबर घेऊन बसले असते आणि पंधरा मिनिटांत आकडा बदलून दिला असता. मी इतकी नाजूक वाटत होते का तुम्हाला? शेवटी शेवटी तुमचे गुडघे सरळ होत नव्हते. उठताना तुम्ही भिंतीला हात लावायचा आणि आम्ही म्हणायचो, वय झालं. तुम्हाला तपासायचे त्या नांदेडच्या डॉक्टरांना मी तेव्हा नाही, आता फोन करून विचारलं, की असं वर्षानुवर्षं आखडून झोपल्यानं गुडघे जातात का. ते म्हणाले, तसं नसतं, वयानं होतंच. मला बरं वाटावं म्हणून त्यांनी सांगितलं असेल, पण माझ्या मनाचं समाधान झालं नाही.

म्हणून या जीपवाल्या डॉक्टरांच्या टपाची फळी मी साडेसहा फुटांची काढली. तुमच्या आठ विती. वर्कशॉपचे मालक ड्रॉइंग बघून म्हणाले, 'मॅडम, डॉक्टर साडेपाच फुटाचे, त्यांच्या मिसेस त्याहून ठेंगण्या. साडेसहा फूट कुनासाठी करून राहिलो आपण? मागं सगळं वजन स्टेपनीवर येतंय.' मी बरंच काही ऐकवलं. उद्या गाडी विकली तर, मुलगा उंच निघाला तर. शेवटी ते कंटाळून हो म्हणाले. आज दुपारी मी त्या दोन रेघांमधलं अंतर मोजलं, तर डॉक्टरांच्या पायापुढं पुष्कळ मोकळी फळी उरतेय. त्यांच्या बॅगा तिथं छान मावतील. ज्याला ती लांबी हवी होती त्याला ती मिळाली नाही, आणि ज्याला नको आहे त्याच्यासाठी मी मालकांशी भांडतेय. एरवी कुणी असं वागलं असतं तर मीच त्याला हसले असते.

एक गोष्ट राहिली आहे. ती सोडून सगळं लिहून झालं, मघाशी पेनाला टोपण लावून उठलेसुद्धा होते. हा कागद कुठं जाणार नाही आणि कुणी वाचणार नाही, आईला तर मी तो दिसूही देणार नाही, तेव्हा लिहायला हरकत नाही. दिवाळीची सुट्टी. जीप मिस्त्रींच्या दुकानासमोर उभी आहे, टप नुकताच बसवलाय, रंग अजून हाताला लागतोय. गल्लीतली सगळी माणसं जमली आहेत. काकाही आलेत, वर्षभराच्या अबोल्यानंतर पहिल्यांदा, हात मागं बांधून तुमच्या शेजारी उभे. टप वर जातो, चारी पाय खटाखट बसतात, आणि तुम्ही म्हणता, 'पैल्यांदा इंजिनिअरीणबाई झोपून बघतील.' मी नव्या ड्रेसवरच चढले, फळीवर आडवी झाले आणि पाय ताणले. पायापुढं चार-सहा बोटं फळी उरली. फक्त तेवढीच. उभी राहिले की मी तुमच्या हनुवटीला लागायचे. हिशोबही करावा लागला नाही. पडल्या पडल्या मी त्या उरलेल्या फळीकडं बघत होते आणि खालून तुमचा आवाज आला, 'लांबी बरोबर हाय का गं?'

मिस्त्री हातात ग्राइंडर घेऊन तिथंच उभे होते. त्याच दुपारी झालं असतं.

'बरोबर आहे,' मी वरून ओरडून सांगितलं. तुम्ही काकांकडं वळून म्हणालात, 'ऐकलं का?'

फळी आखूड आहे हे तुम्हाला किनवटला गेल्यावर, त्यावर पहिल्यांदा झोपलात तेव्हा कळलं असेल. मला ते तुमच्या आधी कळलं होतं, दादा.