सहा कोरे ग्लोव्हज

२६ जुलै, शनिवार
ही वही फक्त माझ्यासाठी. यात खोटं लिहायचं नाही, असा दिव्यासमोर नेम केला आहे.
शाळेत बेसबॉलचं सामान आलं. सहा चामडी ग्लोव्हज, तीन पांढरे बॉल, एक बॅट. हेमराज सरांकडे दोन गावच्या शाळा. ते म्हणाले, रंजीताबाई, गावात खेळलेल्या तुम्हीच एक. पोरांना बॉल अडवणं अन् झेलणं तेवढं शिकवा. खरंच आहे. दहावीत मी शाळेच्या सॉफ्टबॉल टीममध्ये होते. एक्स्ट्रामध्ये. बाहेर बसणाऱ्याला खेळ जास्त समजतो.
२५ ऑगस्टला आरमोरीला सामने. महिना म्हणजे भरपूर.
सामान आमच्याकडे ठेवलं. शाळेत उंदीर आहेत.

२८ जुलै, श्रावण सोमवार
तीन दिवस मन खात होतं. श्रावणात घरात चामडं, अन् देवघराला लागून एकच भिंत. शेवटी उपाय काढला. शिकेकाईच्या कढत पाण्यात सहाही ग्लोव्हज धुतले. वरून गंगाजल शिंपडलं. ऊन नाही, म्हणून चुलीमागे ओळीनं ठेवले. आमच्या ह्यांनी पाहिलं. म्हणाले, काय शिजवून राह्यली वं? मी म्हटलं, शुद्ध करते. म्हणाले, मंग मीठ टाक थोडं. श्रद्धा नसली की माणूस असं बोलतो.

३० जुलै
ग्लोव्हज वाळले. आधी लिबलिबीत होते, आता खणखणीत झाले. जुन्या पातळात गुंडाळून, कडुनिंबाचा पाला घालून पेटीत ठेवले. रोज वापरले तर महिन्यात चिंध्या होतील. सामन्याच्या दिवशीच काढायचे. लग्नातला शालू नेसून कोणी चिखलात धानाच्या रोवण्याला जात नाही. पांढरे बॉलही ठेवून दिले. फाटक्या लुगड्याचा एक बॉल शिवला. छान झाला. लागतही नाही.

१ ऑगस्ट, शुक्रवार, संध्याकाळी ५
पहिली प्रॅक्टिस. आठ पोरं. बॉल येताना वाकून तयार राहायचं, असं सरांनी सांगितलं होतं. मी सोपं केलं. म्हटलं, रोवण्याला वाकतो तसं वाका. लगेच समजलं. गावच्या पोराला गावचंच उदाहरण द्यावं.
फक्त रोवणा करताना माणूस मागे मागे सरकतो. बॉल आला की आठही पोरं वाकून मागे सरकायला लागली. बॉल थांबायचा, पोरं थांबत नव्हती. बांधावरून रोवण्याला आलेली आशाबाई ओरडली, रंजीता, धानाची बांधी सरली वं! आता पोरं तळ्यात जातीन! बाकीच्या बाया हसून हसून चिखलात बसल्या.
कोलूला एक धपाटा घातला. दुसरीतलं पोर. मी सांगितलं तसंच तो करत होता. एक माळ जास्त ओढली.

६ ऑगस्ट
इस्तारीची दिव्यानी मागे सरकत नाही. ती बॉलकडे जाते. पाचवीत आहे. बाप जाळ्यातले मासे काढून फेकतो, ही डोंग्यात उभी राहून झेलते. निसटता मासा झेलणाऱ्या हाताला चिंध्यांचा बॉल काय? बारापैकी बारा.
सरांनी फोनवर मोठी गोष्ट सांगितली. आरमोरीला क्रीडा वसतिगृहाचे सर येणार. तालुक्यातून एक पोर नेणार. राहणं, जेवण, दहावीपर्यंत शाळा. गावात शाळा पाचवीपर्यंतच. पुढची नदीपल्याड. तिची आजी इंदिराबाई सांगूनच चुकली आहे, पोरीले डोंग्यानं रोज कोन धाडीन?
म्हणजे दिव्यानीचं नक्की. मी घडवलेली पहिली खेळाडू.
ती विचारत होती, काकू, येकदा ग्लोव्हज घालून पाहू? मी म्हटलं, ज्याचे हात असे, त्याला ग्लोव्हज कशाला? ती आपल्या हातांकडे पाहत राहिली. उत्तर मला आवडलं होतं. घरी आल्यावर तेवढं आवडलं नाही. उद्या तिला गुळाचा खडा देईन.

१२ ऑगस्ट
सरांचा फोन. विचारत होते, ग्लोव्हज रोज घालायला देता ना? चामडं हाताला वळावं लागतं. मी म्हटलं, रोज हात घालतो. हे खोटं नाही. सहाही आहेत का पाहायला मी रोज पेटीत हात घालते.
तरी प्रायश्चित्त म्हणून उद्या अळणी जेवेन.

१३ ऑगस्ट
अळणी जेवले. मन हलकं झालं. ग्लोव्हज काढायचे राहिले.

१५ ऑगस्ट
झेंड्यापुढे फोटोसाठी ग्लोव्हज काढले. पोरं ऐटीत उभी. प्रणितनं आपला ग्लोव्ह कोलूच्या डोक्यात मारला. नारळाच्या करवंटीसारखा आवाज झाला. कोलू रडला. मला मात्र मजबुतीची खात्री पटली.
दिव्यानी दोन्ही हातांनी ग्लोव्ह दाबून पाहत होती. म्हणाली, काकू, हे मिटत नाई. मी म्हटलं, दमानं मिटते. फोटो झाल्याबरोबर पुसून पेटीत.

२१ ऑगस्ट
उद्या पोळा. हे बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळत होते. माझ्याकडे न पाहताच म्हणाले, तुह्या त्या लाकडाच्या पंजांलेही तेल पाज. चामडंच हाये ते. मी म्हटलं, बैल वर्षभर राबले, ग्लोव्हज काय राबले? म्हणाले, मी तेच तं म्हनून राह्यलो.
लागलं. उद्या नक्की तेल. नक्की प्रॅक्टिस.

२२ ऑगस्ट
पोळा. पुरणातून उसंत नाही.

२३ ऑगस्ट
तान्हा पोळा. पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार.

२४ ऑगस्ट
तेलाची बाटली काढून ठेवली. आशाबाई बसायला आली. ग्लोव्हजना कुंकू मात्र लावलं.

२५ ऑगस्ट, सोमवार, आरमोरीहून आल्यावर
हरलो. त्याचं काही नाही.
पहिलाच बॉल उंच दिव्यानीकडे आला. ती बरोबर खाली जाऊन उभी राहिली. बॉल ग्लोव्हवर टणकन आपटून पलीकडे उडाला. दुसरा तसाच. तिसरा तसाच. चौथ्याला तिनं ग्लोव्ह फेकून दिला अन् हात पुढे केले. पंचांनी शिटी मारली. म्हणाले, बोटं मोडून घेशील, ग्लोव्ह घाल. तिनं घातला. पाचवाही उडाला.
वसतिगृहाचे सर माझ्या पुढच्याच खुर्चीवर होते. शेजारच्याला म्हणाले, पोरगी बॉलखाली बरोबर जाते, पण हात नाहीत. दुसऱ्या गावच्या पोरीचं नाव लिहिलं. मी मागे बसले होते. एक्स्ट्रा.
गाडीत दिव्यानी हात मांडीखाली दाबून बसली होती. उतरल्यावर इंदिराबाईनं विचारलं, काऊन वं, काय झालं? पोरगी बोलायच्या आत मी म्हटलं, नजर लागली तिला. मीच मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. नजर असेल तर ठसका येत नाही म्हणतात. सगळ्यांना ठसका आला. इंदिराबाईनं माझ्याकडे पाहिलं. 

२६ ऑगस्ट, हरतालिका, निर्जळी
पहिलं पान वाचलं. यात खोटं लिहायचं नाही. लिहिलं नाहीच. बोलले फक्त.
दिव्यानी प्रॅक्टिसला आली नाही. आज जाऊन सांगावं असं मनात होतं. पण निर्जळ्या अंगानं तळ्यापर्यंत चालवत नाही. गणपती बसले की जाईन.

२८ ऑगस्ट
आजही आली नाही. तळ्यावर गेले.
इस्तारी मासे फेकत होता. दिव्यानी टोपली पुढे धरून उभी होती. हात लावत नव्हती. इस्तारी म्हणाला, तीन दिवस झाले बाई, पोरगी झेलूनच नाई राह्यली. तिनं टोपलीलाच सांगितल्यासारखं खाली पाहून सांगितलं, काकू, माहे हातच गेले.
मी काठावर बसले. सगळं सांगितलं. शिकेकाई, चूल, पेटी, फोनवरचं, मिरच्यांचं. म्हटलं, तुझे हात कुठी नाई गेले. मी ग्लोव्हज शिजवले.
इस्तारीनं जाळ्याची एक गाठ सोडवली. मग म्हणाला, नवं जाळं नुसतं टांगून ठेवलं तं तेही कामातून जाते, बाई. एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
दिव्यानीनं विचारलं, मंग त्याच दिवशी काऊन नाई सांगलं?
मी मनात मागचे दिवस मोजले. उपवास पुष्कळ होते.
तिथूनच सरांना फोन लावला. त्यांनाही सगळं सांगितलं. ते म्हणाले, वसतिगृहाच्या सरांशी बोलून पाहतो.

३० ऑगस्ट
सरांचा फोन. यादी वर गेली. पुढच्या वर्षी पाहू म्हणतात. पुढच्या वर्षी ती शाळेत नसेल, हे सरांनाही माहीत आहे, मलाही.
दोन दिवस ह्यांनी अन् मी मिळून ग्लोव्हजना जवसाचं तेल चोळलं. पाच अजून कुरकुरतात. एक वळला. तो घेऊन दिव्यानीकडे गेले. म्हटलं, घरीच ठेव. तिनं हुंगून पाहिला. म्हणाली, पोळ्याच्या बैलावानी वास येऊन राह्यला. घातला. मिटला. पांढरा बॉल फेकला तिच्याकडे. सुटला. दुसरा झेलला. ती हसली नाही, पण बॉल परत फेकला. जोरात. माझ्या हातून सुटला.
इंदिराबाईला सांगितलं, जूनपासून रोज सकाळी डोंग्यानं नदीपल्याड मी नेऊन सोडीन पोरीला. ती म्हणाली, पाहू.
नेम म्हणून इथे लिहिणार होते. मागची पानं चाळली. नेमच नेम आहेत.
निघताना ओठांवर आलं होतं, पाऊस आला तर ग्लोव्ह आत ठेवजो.
बोलले नाही. घरी येईपर्यंत भुरभुर सुरू झाली.