खवले मांजराचं कार्ड कुठे गेलं

५ नोव्हेंबर, रविवार
मेव्हणा जेवायला आला आणि आमच्या टिकलीसाठी कार्डांचा खेळ घेऊन आला. वन्यप्राण्यांचा. पुढे प्राण्याचं चित्र, मागे प्रश्न आणि खाली उत्तर. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी सांगायचं, जो आधी बरोबर सांगेल त्याला कार्ड. मेव्हणा दातांचा डॉक्टर. समोरच्याचं तोंड उघडं असतानाच बोलायची त्याला सवय, त्यामुळे आजवर त्याला कोणी उलट उत्तर दिलेलं नाही.

जिराफाच्या मानेत मणके किती? मी ठणकावून चाळीस सांगितले. निघाले सात. छपाईची चूक असणार, असं मी म्हणालो. वॉशिंग मशीन कंपनीत तक्रार विभाग सांभाळतो मी. खात्री नसताना खात्रीने बोलणं, त्याचाच तर पगार मिळतो. मेव्हणा म्हणाला, भावोजी, तुमच्या कंपनीच्या जिराफांना असतील चाळीस.

सगळे हसले. टिकली सगळ्यात जास्त. चौथीतली पोरगी, गेल्या आठवड्यापर्यंत सगळं मलाच विचारायची. शेवटी तिच्याकडे कार्डांचा गठ्ठा, सासूबाईंकडेही गठ्ठा, हिने मधेमधे स्वयंपाकघरात फेऱ्या मारूनही पाच. माझ्याकडे एक. हत्तीचं. सोंड म्हणजे त्याचं नाक.

संकल्प: पुढच्या रविवारपर्यंत सगळी कार्डं पाठ. मेव्हण्याचा जबडा उघडा पडला पाहिजे.

६ नोव्हेंबर, सोमवार
दोन अडचणी. एक, टिकलीचा कायदा: कार्ड डावात येईपर्यंत त्याची मागची बाजू कोणी बघायची नाही. बघितली तर चीटिंग. दोन, कार्डांचा डबा सासूबाईंच्या कपाटात ठेवलाय. त्यांनी उभी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली. अर्ध्या शहराचे नंबर त्यांना पाठ असायचे. त्यांच्याकडे ठेवलेली वस्तू हरवत नाही, असं आमच्याकडे सगळे मानतात.

सकाळी त्या फिरायला जातात. तेवढ्यात मूठभर कार्डं शर्टाच्या खिशात टाकली. संध्याकाळी परत ठेवली. याला चोरी म्हणत नाहीत, अभ्यास म्हणतात.

ऑफिसात ड्रॉवर अर्धा उघडा ठेवून पाठांतर केलं. एका बाईंचा फोन आला, मशीनमध्ये कपडे टाकून किती वेळ थांबायचं. मी म्हणालो, बावीस महिने. हत्तीणीच्या गरोदरपणाचं कार्ड चाललं होतं. बाईंनी माझं नाव विचारून घेतलं.

८ नोव्हेंबर, बुधवार
प्रगती उत्तम. पांढऱ्या अस्वलाची कातडी काळी. वाघाचे पट्टे केसांखाली कातडीवरही. खवले मांजराला दात नसतात, एकही नाही.

खवले मांजरावर चहा सांडला. चूक चहावाल्याची, त्याने कप टेबलाच्या अगदी कडेला ठेवला. त्याला माझं कोपर लागलं ही नंतरची गोष्ट. रुमालाने पुसलं, तर खवले रुमालावर आले. कार्ड ड्रॉवरच्या तळाशी वॉरंटी कार्डांखाली ठेवून दिलं. एवढ्या प्राण्यांत एक कमी, कोणाच्या लक्षात येतंय.

१० नोव्हेंबर, शुक्रवार
लक्षात आलं.

खवले मांजर म्हणजे टिकलीचा जीव की प्राण. मागची बाजू तिनेही बघितली नव्हती. रविवारी मामा आला की सगळ्यात शेवटी काढायचं म्हणून मुद्दाम जपून ठेवलं होतं. आज डबा उघडला तर नाही. सोफ्याच्या गाद्या काढून झाल्या, रडून झालं, मग आजीला विचारलं. सासूबाई म्हणाल्या, डब्यातच ठेवलं होतं मी. मग जरा थांबून म्हणाल्या, बहुतेक.

बहुतेक हा शब्द त्यांच्या तोंडून मी आज पहिल्यांदा ऐकला. मागे एकदा त्या दूध गॅसवर विसरल्या होत्या, तेव्हापासून ही धास्तावलेली आहे. हिने माझ्याकडे बघितलं. मीही काळजीचा चेहरा केला. बरा जमला असावा, कारण हिने माझ्या हातावर हात ठेवला.

सांगणारच होतो. पण कार्डाचं सांगायचं तर पाठांतराचंही सांगावं लागतं. आधी नवा संच आणून त्यातलं कार्ड गुपचूप डब्यात सरकवायचं. कोणालाच त्रास नाही.

११ नोव्हेंबर, शनिवार
दुकानदार म्हणाला, माल संपला, पुढच्या महिन्यात बघा.

घरी आलो तर सासूबाईंनी अख्खं कपाट पलंगावर काढलेलं. एकेक कपडा झटकून बघत होत्या. मग त्या कपड्यांच्या ढिगात बसल्या आणि जुने फोन नंबर पुटपुटायला लागल्या. एका नंबरला मधेच अडल्या. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा तिथेच. मी दाराबाहेर बुटाची नाडी सोडत बसलो होतो. नाडी कधीच सुटली होती.

ही त्यांना बुधवारी डॉक्टरांकडे नेणार आहे. वयाप्रमाणे थोडं विसरायला होतंच. या निमित्ताने तपासणी होईल, म्हणजे एका परीने माझ्यामुळे फायदाच.

हे वरचं वाक्य आता परत वाचलं. खोडणार होतो. राहू दे तसंच.

१२ नोव्हेंबर, रविवार
जिंकलो. चारीमुंड्या चीत केलं मेव्हण्याला. प्रश्न अर्धा व्हायच्या आत माझं उत्तर तयार. त्याचा जबडा ठरल्याप्रमाणे उघडा पडला. टिकली गळ्यात पडली, म्हणाली, बाबाला सगळं येतं. उद्या वर्गात सांगणार आहे.

सासूबाई खेळल्या नाहीत. म्हणाल्या, तुम्ही खेळा, मी बघते, माझ्या डोक्याचा आता काही भरवसा नाही. डाव संपल्यावर त्यांनी डबा टिकलीच्या हातात दिला. म्हणाल्या, आजपासून तू सांभाळ ग, माझ्याकडे नको.

जिंकून इतकं मेल्याहून मेल्यासारखं होतं हे माहीत नव्हतं. लाज वाटते आहे. आता डॉक्टरांच्या तपासणीआधी सांगितलंच पाहिजे.

१५ नोव्हेंबर, बुधवार
तपासणी झाली. सांगितलं नाही, मला ऑफिसातून निघायला उशीर झाला. डॉक्टर म्हणाले, तसं काही दिसत नाही, पण वय आहे, लक्ष ठेवा. पाठांतराची सवय ठेवा. तसं काही दिसत नाही, हे सासूबाईंनी ऐकलंच नाही. त्यांनी फक्त लक्ष ठेवा ऐकलं.

संध्याकाळी माझ्यापाशी येऊन बसल्या. म्हणाल्या, तुम्हाला एवढं सगळं येतं, मला रोज थोडं थोडं शिकवाल का. पूर्वी मला एकदा ऐकलं की पुरे व्हायचं हो.

शिकवलं. जिराफ, सात मणके. त्यांनी लगेच बरोबर सांगितलं. तरी विचारलं, बरोबर आहे ना, नक्की? मी म्हणालो, अगदी बरोबर. मग हात धुवायला उठलो. हात स्वच्छच होते.

संकल्प, शेवटचा: रविवारी जेवणाआधी सगळ्यांसमोर सांगून टाकायचं. वाक्य तयार आहे: एक गंमत झाली. नको, गंमत नको. एक घोटाळा झाला. घोटाळा मी केला, हे दुसऱ्या वाक्यात घेऊ.

१९ नोव्हेंबर, रविवार
जेवणाआधी सांगितलं नाही. सगळ्यांना भूक लागली होती.

जेवणानंतर टिकलीने पुठ्ठ्याचं कार्ड आणलं. स्वतः केलेलं खवले मांजर. बटाट्याला पाय फुटल्यासारखं दिसत होतं. मागे प्रश्नही तिनेच केला, कारण खरा प्रश्न कोणालाच माहीत नाही. आजीला ओढून खेळायला बसवलं, म्हणाली, तुला वाईट वाटू नये म्हणून केलंय, आता ते हरवलेलं धरायचंच नाही. ते कार्ड सगळ्यात शेवटी काढलं आणि वाचायला लागली. खवले मांजर, एवढंच म्हणाली असेल.

मी म्हणालो, दात नसतात, एकही नाही.

टिकली थांबली. म्हणाली, माझा प्रश्न, ते घाबरलं की काय करतं, असा आहे. दात कुठून आले?

मी म्हणालो, वाचलं होतं कुठेतरी. तिने विचारलं, कुठे? मेव्हणा हसायला लागला होता, त्याने हातातली कार्डं खाली ठेवली. ही माझ्याकडे बघत होती. सासूबाईंनी अगदी हळू विचारलं, कार्ड तुमच्याकडे आहे का?

टिकलीच्या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं. ते अंगाचा गोळा करतं आणि हलत नाही. मी तेच करून बसलो होतो. शेवटी मान हलवली. म्हणालो, पाठ करायला नेलं होतं, ऑफिसात आहे, चहा सांडला, पहिल्यापासून माझ्याकडेच आहे.

सासूबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, म्हणजे मी हरवलं नाही. पुन्हा म्हणाल्या, मी नाही हरवलं ग, असं हिच्याकडे वळून. हिने त्यांना जवळ घेतलं. त्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. म्हणाल्या, मी किती घाबरले होते तुम्हाला काय सांगू. मग तो अडलेला फोन नंबर त्यांनी एका दमात शेवटपर्यंत म्हणून दाखवला.

चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. इतका आनंद मी आजवर कोणाला दिला नव्हता, आणि तो असा.

टिकलीने एवढंच विचारलं, म्हणजे बाबा, तुला काहीच येत नव्हतं? मी म्हणालो, नाही. ती म्हणाली, मी वर्गात सांगून आलेय.

२० नोव्हेंबर, सोमवार
कार्ड परत आणलं. पापडासारखं वाकलंय, चहाचा वास येतो. सासूबाईंनी ते टिकलीच्या कार्डाशेजारी डब्यात ठेवलं. डबा पुन्हा त्यांच्या कपाटात.

संध्याकाळी एक डाव झाला. टिकलीचा नवा कायदा: बाबाने फक्त वाचायचं, उत्तर द्यायचं नाही. वाचलं. सासूबाई जिंकल्या. खेळ झाल्यावर त्यांनी कार्डं मोजली, डब्याचं झाकण लावलं आणि माझ्या शर्टाच्या खिशाकडे बघितलं.

मी खिसा उलटा करून दाखवला.