मनगट सोडवण्याचं शास्त्र

३ जून, सकाळ

कॉफीच्या बरणीची झाकणं इतकी घट्ट नेमकी कोणाच्या भल्यासाठी बसवतात, याची उच्चस्तरीय चौकशी व्हायला हवी. वार्ताहर म्हणून आयुष्यभर भल्याभल्यांची तोंडं उघडली, पण आज हे झाकण उघडेना. फडकं लावलं, गरम पाणी ओतलं, संस्कृतातून दोन शब्द सुनावले. शेवटी लेकीने येऊन दोन बोटांत उघडलं. मी उलट्या बाजूला पिळत होतो, असा तिचा आरोप आहे. आरोपाला दुजोरा मिळू शकला नाही.

३ जून, संध्याकाळ

ठरलं. तीस तारखेला लेक नोकरीसाठी परगावी चालली, एकटी राहणार. त्याआधी मी एक युद्धकला शिकणार आणि तिला शिकवणार. शिवाय पोट उतरेल. तिलाच क्लासला का नाही घालत, असं हिने विचारलं. म्हटलं, घरात गुरू असताना बाहेर कशाला? यावर ही बराच वेळ हसली. कारण समजलं नाही.

६ जून

तौलनिक अभ्यास चालू. बॉक्सिंगला चष्मा काढावा लागतो. काढला की शत्रू दिसत नाही. कुस्तीत कपडे फारच कमी. कराटेत ओरडतात. घरी करून पाहिलं, तर खालच्या मजल्यावरच्या आजी काठीने छत ठोकू लागल्या. ज्यूदोवाल्यांना फोन केला. सुरुवातीला नुसतं पडायलाच शिकवतात म्हणे. ते मला उपजतच येतं, पुढचं सांगा म्हटलं, तर फोन ठेवला.

७ जून

जुजुत्सू! यात स्वतःची ताकद लागतच नाही, समोरच्याचीच वापरायची. ऑफिसात मी इतकी वर्षं हेच करत आलोय. लॉन्ड्रीच्या वरच क्लास आहे. पांढरा पोशाख घेतला. आरशात भीतिदायक दिसतो. (ही म्हणते, कंपाउंडर दिसता.)

१२ जून

पहिला दिवस. प्रशिक्षक बाई माझ्या खांद्याइतक्या. पवित्रा कसा घ्यायचा ते सांगू लागल्या, तेव्हा मी त्यांना धनुर्विद्येतल्या आलीढ आणि प्रत्यालीढ या पवित्र्यांतला फरक समजावून दिला. काका, आधी श्वास घ्या, असं त्या म्हणाल्या. धडा पहिला : मनगट धरलं तर ओढाओढ नको. पकडणाऱ्याचा अंगठा जिथे, तिथून हात वळवून काढायचा. तिथेच पकड कच्ची. किती सोपं! हे तर मला वाचूनही आलं असतं.

१३ जून

हात वर जात नाही. खालीही येत नाही. आज बातमी एका बोटाने टाइप केली.

१६ जून

ऑफिसात उपसंपादकाला मनगट धरायला लावलं. तेवढ्यात त्याला फोन आला. तो बोलत राहिला आणि धरूनच राहिला. शेवटी त्यानेच कंटाळून सोडलं. विजय तो विजय.

१९ जून

क्लास नाही. गुडघा.

२१ जून

क्लास नाही. दुसरा गुडघा. पण प्रत्यक्षापेक्षा चिंतन महत्त्वाचं. तत्त्व आता पूर्ण आत्मसात झालं आहे.

२५ जून

लेकीचा पहिला पाठ. तिचं मनगट धरलं आणि प्रास्ताविकाला सुरुवात केली. अंगुष्ठाचं महत्त्व येईपर्यंत हात रिकामा. म्हटलं, थांब, अजून शिकवलं नाही. पुन्हा धरलं, दोन्ही हातांनी. पुन्हा रिकामे. तिसऱ्या वेळी मी सोफ्यावर होतो.

मग उलगडा झाला. आमच्या कन्याबाईसाहेब मार्चपासून त्याच क्लासच्या सकाळच्या बॅचला जातात. हिला माहीत होतं. प्रशिक्षक बाईंनाही. सूत्रांनी सगळ्यांना कळवलं, वार्ताहर सोडून. विचारलं, मला का नाही सांगितलं? तर लेक म्हणाली, बाबा, तुम्ही इतके खूष होतात.

२९ जून

बॅगा दाराशी. जागा अशी आहे की चालताना रोज ठेच लागते, पण हलवा असं मी म्हणालो नाही.

चहानंतर लेक म्हणाली, या, तुम्हाला हळू करून दाखवते. मनगट पुढे केलं. मी धरलं. तिने माझ्या अंगठ्याच्या बाजूला हात वळवला, अगदी सावकाश, मला दुखू नये म्हणून. सुटली.

महिनाभर म्हणत होतो, तिथे तिला कोणी धरलं तर कसं होईल. ती सुटेल. ती काळजी मिटली.

ती उद्या जाईल. नंतर या घरात मी काय करायचं, मला माहीत नाही. त्याची भीती वाटते.