आभाळाचा एक, पाण्याचा एक, धक्क्याचा एक

चाचा, तुमच्या पडद्यावरचा समुद्र मी शेवटी खरा पाहून आलो. गेल्या हिवाळ्यात. तुमच्या फोटोच्या स्टुडिओत तो पडदा टांगलेला असायचा, मागे बंदर, एक मोठं जहाज, डाव्या अंगाला दिव्याचा मनोरा. ज्यानं तो रंगवला त्याचं घराणं चादरीची नक्षी काढणारं. समुद्र त्यानं जन्मात पाहिलेला नव्हता, त्यामुळे लाटा चादरीच्या काठासारख्या एकसारख्या आल्या होत्या, एकीत आणि दुसरीत केसाचा फरक नाही. तरी माढ्याहून, करकंबहून नवी लग्नं झालेली जोडपी यायची आणि म्हणायची, समुद्राचा लावा. माझं लग्न झालं तेव्हा तुम्ही आम्हा दोघांनाही त्याच पडद्यापुढे उभं केलंत. ती जेऊरची, स्टेशनापलीकडचं जग तिनं फारसं पाहिलेलं नव्हतं. कॅमेऱ्याकडे बघायचं सोडून ती मागे वळून लाटांकडेच बघत राहिली आणि मला हळूच म्हणाली, "एवढं पानी खरंच असतंय व्हय?" तुम्ही काळ्या कापडातून डोकं बाहेर काढलंत आणि म्हणालात, "पानी झूटा है, बेटी. तू सच्ची है. इधर देख." तिनं तुमचं ऐकलं. त्या फोटोत ती सरळ बघते आहे आणि मीच घाबरलेला दिसतो.

घाबरट तर मी होतोच. आठवीत नापास होऊन शाळा सुटली, काही वर्षं कापडाच्या मागावर काढली, तिथं आडवं सूत नेणारा धोटा उडून डोळ्याला लागेल या भीतीनं रोज मान खाली घालून काम करायचो. तुमच्याकडे आलो तेव्हा मिशी फुटून जुनी झाली होती. फोटो धुण्याच्या अंधाऱ्या खोलीत तरी काही उडत नाही, असं वाटलं होतं. पण तिथंही माझा जीव वर-खालीच. कागद औषधात बुडवला की मी सारखा चिमट्यानं उचलून बघायचो, आला का, काळा पडला का. तुम्ही हातावर चापट मारायचात. "घडी घडी क्या देखता रे? कागद है, दूध नै, उतू जाने को." त्या लाल उजेडात तुम्ही तारेला पुठ्ठ्याची टिकली लावून कागदावर हलवत राहायचात, जिथं उजेड कमी हवा तिथं सावली धरायची, जिथं जास्त हवा तिथं दोन्ही हातांची ओंजळ करून मधून उजेड सोडायचा. सिद्धेश्वर तळ्याच्या फोटोत देऊळ नीट यावं तर आभाळ पांढरं फटक व्हायचं, म्हणून तुम्ही ढग दुसऱ्या निगेटिव्हवरून आणून वर छापायचात. लोक म्हणायचे, चाचांच्या फोटोत ढगसुद्धा बोलावल्यावर येतात. तुम्ही फक्त हसायचात. मला मात्र एकदा चांगलं सुनावलंत, ते अजून कानात आहे.

करकंबच्या एका मोठ्या कुटुंबाचा फोटो होता. एका निगेटिव्हवर सगळे छान, पण म्हाताऱ्या वडिलांचे डोळे मिटलेले. दुसऱ्यावर त्यांचे डोळे उघडे, पण पोरं हललेली. मी दोन दिवस खपून त्या म्हाताऱ्याचं डोकं दुसरीकडून आणून बसवलं. जोड कुठं दिसत नव्हता. शाबासकी मिळेल म्हणून तुमच्यापुढे धरला. तुम्ही तो दारात नेऊन उजेडात बघितलात आणि विचारलंत, "ये किसका बाप है रे?" मी म्हणालो, त्यांचाच की. "नै. एक बाप का सर, एक बाप का धड. दोनों का टैम अलग है. आसमान किधर से बी ला, पानी किधर से बी ला. आदमी एकीच निगेटिव पे का ले." आणि कात्रीनं मानेवरूनच कापलात. ते लोक आल्यावर तुम्ही त्यांना मिटल्या डोळ्यांचा फोटो दिलात आणि सांगितलंत, "आंखां मिची है, लेकिन बाबाच है." त्यांनी तो कपाळाला लावून नेला. मला तेव्हा तुमचा राग आला होता. या वर्षी तोच फोटो सारखा आठवत राहिला, कारण माझ्यापुढे तेच येऊन उभं राहिलं होतं.

आमची मुलगी रत्नागिरीला दिली आहे. वर्षानुवर्षं ती या म्हणत होती आणि मी घाट, गाडी, पोटदुखी अशी कारणं सांगत होतो. हिवाळ्यात गेलो. संध्याकाळी मासळी बंदराच्या धक्क्यावर तिनं आम्हाला सोडलं आणि ती मासे घ्यायला गेली. चाचा, लाटा एकसारख्या नसतात. एकही दुसरीसारखी नसते. बायको धक्क्याच्या कडेला उभी राहिली, मागे शेकडो बोटी, त्यांच्या डोलकाठ्या, झेंडे, पलीकडे सूर्य बुडायला टेकलेला. आभाळ एवढं भडक, धक्का एवढा काळा, एका फोटोत मावेना. मी तीन पायांचं तिकाटणं लावलं, त्यावर कॅमेरा पक्का केला आणि तिला म्हणालो, "हलू नको, तीन फोटो घेतोय, नंतर कॉम्प्युटरवर एकावर एक बसवायचेत." ती म्हणाली, "अवो, समुद्र हलतुया, बोटी हलत्यात, समदं हलतंय. मी एकटीच काय खांबावानी हुबी राहू?" शेजारी टोपली घेऊन बसलेली कोळीण हसली. म्हणाली, "उभी रहा गो बाय, म्हातारा हौसेन काढताय." पहिला झटकन घेतला, आभाळासाठी. दुसरा त्याहून सावकाश, पाण्यासाठी. तिसरा बराच वेळ उजेड आत घेत, धक्क्यावरचे दोर, जाळी, दगड दिसावेत म्हणून. मग सूर्य गेला आणि मी खूश होऊन सगळं आवरलं.

घरी येऊन बघतो तर काय. आभाळाच्या फोटोत तिचा चेहरा माझ्याकडे आहे, हसरा आहे, पण कोळशासारखा काळा. धक्क्याच्या फोटोत उजेड आहे, पण तेवढ्यात एका बोटीनं भोंगा दिला आणि ती दचकली, म्हणून एका चेहऱ्याचे दोन झालेत, मधे धूर. आणि पाण्याच्या फोटोत ती समुद्राकडे वळलेली, माझ्याकडे पाठ. लुगड्याचा काठ, अंबाडा, पाठीमागं धरलेले हात, सगळं स्वच्छ. तोंड तेवढं नाही. आभाळाचा एक घेतला, पाण्याचा एक घेतला, धक्क्याचा एक घेतला. माझ्या बायकोसाठी उजेड मोजून एकही घेतला नाही. तुमच्या हाताखाली इतकी वर्षं माणसांचेच फोटो काढून मी ही चूक केली.

तेव्हा वाटलं, काय घाई आहे, बसून करू. संक्रांत झाल्यावर तिचे डोळे गेले. एकदम नाही, पण गेले. साखर आहे तिला फार वर्षांची. डोळ्याच्या आत रक्त उतरलंय म्हणतात. लेसर झालं, डोळ्यात इंजेक्शनं झाली. डॉक्टर बाई तरुण आहेत, प्रेमानं बोलतात, पण मी विचारलं की नीट होईल ना, तर कागदाकडे बघत म्हणाल्या, "आजोबा, आहे ते टिकवायचा प्रयत्न करू." टिकतही नाही. तिला आता समोरचं दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. मधोमध धूर आहे म्हणते. एखादी वस्तू बघायची तर मान तिरकी करते आणि स्वतःच हसते, "कोंबडीवानी बघतीया मी." भाकरी अजून तीच थापते, तव्यावर फुगली की नाही ते आवाजावरून ओळखते. मी ओट्याजवळ उभा राहून गॅसकडे बघत राहतो, पदर सांभाळ, हात सांभाळ. "तुमी जावा बगू त्या पेटीम्होरं," म्हणते. "माझा समुद्राचा फोटू कवा हुनार? दिसतंय तवर दावा." असं ती चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. शेंगाची चटणी वाढता वाढता म्हणाली.

म्हणून उन्हाळाभर दुपारी मी त्या पेटीपुढे बसलो. स्टुडिओ बंद केला तेव्हा पासपोर्ट फोटोंसाठी घेतलेला कॉम्प्युटर घरी आणला होता, तोच. इंग्रजी मला वाचता येत नाही, मी जागा पाठ केल्यात, वरून दुसरं, खालून तिसरं. मध्ये एकदा काय झालं कोण जाणे, सगळं इकडचं तिकडं गेलं आणि मी आठवडाभर काही दाबलंच नाही, पुसलं गेलं तर काय, या भीतीनं. वीज जाईल म्हणून दर थोड्या वेळानं जतन करायचो. "समुद्र", "समुद्र नवा", "समुद्र शेवटचा", "समुद्र शेवटचा खरा", अशी एकाच फोटोची किती पोरं झालीत. काम तुमचंच आहे, फक्त पुठ्ठ्याची टिकली नाही. तिन्ही फोटो एकावर एक ठेवायचे, वरचा जिथं पुसाल तिथं खालचा दिसतो. आभाळ पहिल्यातून घेतलं, छान बसलं. धक्क्याचे दगड तिसऱ्यातून घेतले. बोटी तिन्हीत वेगवेगळ्या झुलल्या होत्या, डोलकाठ्या दुहेरी दिसायला लागल्या, तेव्हा तुमचं आठवलं आणि सगळ्या बोटी एकाच फोटोतून घेतल्या. सगळं जमलं. तिची जागा तेवढी राहिली.

काळा चेहरा उजळून बघितला, तर उफणणीच्या धुरळ्यासारखे दाणे उठले, दाण्यांत ती कुठंच नाही. शेजारच्या शिकलेल्या माणसानं सांगितलं, कॉम्प्युटरलाच करू द्या, तो आपोआप जुळवतो. करू दिलं. कॉम्प्युटरनं तिन्हीतली ती थोडी थोडी घेतली. चाचा, तिला दोन तोंडं आली, एक हसणारं, एक दचकलेलं, आणि तिच्या लुगड्यातून पलीकडचा दोर आरपार दिसत होता. आत ती भांडी घासत होती, आवाज येत होता. मी कॉम्प्युटरच बंद करून टाकला आणि त्या भांड्यांच्या आवाजाकडे कान लावून बसलो.

मग एक दुपार मी आमच्या लग्नाच्या फोटोतलं तिचं तोंड काढून बसवायचंही ठरवलं. तुम्ही काढलेलं, सरळ बघणारं. बसवलंही. एकोणीस वर्षांची पोर, म्हातारीच्या खांद्यांवर. तुम्ही काय म्हणाला असता ते मला ठाऊक आहे. ते पुसलं. तोपर्यंत तिला दारातून आत येणारं माणूस कोण ते कळेनासं झालं होतं, बोलल्यावर कळायचं. रोज वाटायचं, उद्यापर्यंत थांबलो तर कडेचंही जाईल. शेवटी पाठमोरीच घेतली. एकाच फोटोतली, एकाच वेळची, जशी उभी होती तशी. नवी पेठेतल्या फोटोच्या दुकानात नेऊन जेवढा मोठा निघेल तेवढा काढून आणला.

दारात उजेड चांगला होता. तिला उंबऱ्याजवळ बसवलं, फोटो मांडीवर ठेवला. तिनं मान तिरकी केली, मग दुसऱ्या बाजूनं केली. मी सांगत होतो, हे आभाळ, ही तू.

"माझं तोंड कुटंय?"

"समुद्राकडं."

तिनं फोटो दाराच्या उजेडाकडे कलता केला. मग म्हणाली, "मग बराबर हाय की. मी काय तुमाला बगाय गेलते व्हय तितं?"

आम्ही दोघंही हसलो. ती हसायची थांबली तरी फोटो तिनं खाली ठेवला नाही.

हे तुम्हाला लिहून काही व्हायचं नाही. तुम्हाला मातीत ठेवलं त्यालाही किती काळ झाला, आणि तुम्ही असता तरी तिचे डोळे तुमच्या हातात नव्हते. फोटोच्या जुन्या कागदाचं एक काळं पाकीट माझ्याकडे अजून आहे, ज्यात उजेड शिरत नाही ते. हे लिहिलेलं त्यात घालून ठेवीन. फक्त एक सांगायचं राहिलं. फोटो मांडीवर असताना तिनं बोटांनी चाचपत चाचपत हात खाली आणला, जिथं सगळ्यात काळं आहे तिथं तळवा पसरला आणि म्हणाली, "हे पानी न्हवं? लई हाय की हो." तो धक्का होता, चाचा. पाणी वर राहिलं होतं, तिच्या हातापासून वीतभर लांब. मी व्हय म्हणालो आणि तिचा हात तिथंच राहू दिला.