कुणीतरी जर्मनीला चाललंय

॥ श्री ॥

पश्चिम जर्मनी,
१५ जानेवारी १९८९

ती. आई-बाबांस,
मंजुषाचा शि. सा. न. वि. वि.

विश्वनाथकाकांच्या हाती पाठवलेलं पार्सल मिळालं. हे आधी लिहिते, म्हणजे आई पुढचं पत्र शांतपणे वाचेल. भाजणी, मेतकूट, डिंकाचे लाडू, सगळं आलं. लोणच्याचं झाकण मात्र वाटेत सैल झालं, त्यामुळे बाबांनी पाठवलेल्या पुस्तकाला आणि काकांच्या शर्टांना आता कैरीचा वास येतो. काका भले माणूस, काही बोलले नाहीत.

पण हे पार्सल घ्यायला मला फ्रँकफर्टला जावं लागलं. बर्फ पडत होतं, मधे गाडी बदलायची होती, आणि काका विमानतळावर न थांबता हॉटेलवर निघून गेले होते. त्या दिवशीचा माझा वर्कशॉपचा तास बुडाला तो बुडालाच. बाबा, तुम्ही स्वतः धाग्याच्या कारखान्यात आहात, तुम्हाला कळेल. एप्रिलमध्ये वर्कशॉपमधल्या धाग्याच्या यंत्रावरच माझी प्रात्यक्षिक परीक्षा आहे. ती एप्रिलमध्ये होते, नाहीतर एकदम ऑक्टोबरमध्ये. एप्रिलची झाली की जुलैत कोर्स संपतो आणि ऑगस्टमध्ये मी कायमची घरी. तेव्हा यापुढे जे पाठवायचं ते कृपा करून पोस्टाने पाठवा.

नाशिकच्या पल्लवीला पुढच्या वर्षी इकडे यायचंय म्हणून तिने चार सूचना मागितल्यात. तिला कळवा की छोटा कुकर आण, पण जास्तीची रिंग आणायला विसरू नकोस. माझी फाटली आणि महिनाभर मी कच्चट वरण खाल्लं. शनिवारी दुपारी दुकानं बंद होतात ती सोमवारीच उघडतात. माझा इथला पहिला रविवार बिस्किटांवर गेला होता. आणि फोडणी करताना खोलीचं दार लावून घ्यायचं. मी एकदा विसरले तर होस्टेलच्या मजल्यावरच्या सगळ्या मुलींनी ऐन थंडीत खिडक्या सताड उघडल्या, वर माझ्याशी गोड हसल्या. ते हसणं फार लागलं.

जरा कुरकुर केली आहे, तरी लोभ आहे तसाच असू द्यावा.

तुमची,
मंजुषा


॥ श्री ॥

डोकमर्डी, सिल्वासा,
९ फेब्रुवारी १९८९

चि. मंजुषा हिस,
आईचे अ. उ. आ.

पत्र पावलं. जरा म्हणतेस, पण चांगली पानभर कुरकुर आहे. असो. विश्वनाथभावजी परत आले त्याच संध्याकाळी आम्ही अथालला त्यांच्या क्वार्टरवर गेलो. ते म्हणाले, हनुवटीखाली वाळली आहे, पण रंग उजळलाय. अंगात लाकडी बटणांचा मरून कोट होता म्हणे, छान दिसत होता. लाडूचा डबा तिथल्या तिथे उघडलास हेही सांगितलं. तुझी खोली कशी आहे, पांघरूण पुरतं का, हे विचारलं तर म्हणे ते बघितलं नाही. पुरुषमाणसं काही म्हणजे काही बघून येत नाहीत.

आता चांगली बातमी. कारखान्याच्या शेठचे मेहुणे, जयंतीभाई, एप्रिलमध्ये हॅनोव्हरला यंत्रांच्या प्रदर्शनाला चाललेत. त्यांनी आपणहून विचारलं की बेबीसाठी काही द्यायचं का. शेठच्या घरचा माणूस असं विचारतो, तर नाही कसं म्हणायचं? बाबांनी तुझा शाळेतला नकाशा काढून बोटाने अंतर मोजलं. त्यांच्या मते वापीहून सुरतला जाऊन येण्याइतकं असेल. तेवढं तर इथली माणसं साडी बघायला जातात.

तानूबाईने मुद्दाम धुळ्याहून काळा मसाला मागवून दिलाय. थंडी वाजली तर गरम पाण्यात टाकून पी, असा तिचा निरोप आहे. पिऊ नकोस हो खरंच. भांडी घासताना रोज तुझी चौकशी करते.

अभ्यास कर, वेळेवर जेव, आणि आईवरचा राग तीन आठवड्यांच्या पोस्टात मुरवत ठेवू नकोस.

तुझी,
आई


॥ श्री ॥

५ मार्च १९८९

ती. आई-बाबांस,
मंजुषाचा शि. सा. न. वि. वि.

बाबा, आयुष्यभर धाग्याची जाडी मोजणारा माणूस नकाशावर बोट ठेवून अंतर मोजतो? त्या पानावर अख्खा युरोप छापलाय! हॅनोव्हर माझ्यापासून वापी ते अहमदाबादच्याही पुढे आहे. आणि प्रदर्शन संपता संपता, सोमवारी सकाळी, माझी परीक्षा आहे. मी जाणार नाही. जयंतीभाईंना नम्रपणे नाही म्हणून सांगा. तुम्हाला अवघड वाटत असेल तर माझ्यावर ढकला, सांगा की मुलगी शिकून आगाऊ झाली.

मला एक कळत नाही. इथला पोस्टमन पार्सल दारात आणून देतो, सही घेतो, आभारही मानतो. तरी तुम्हाला प्रत्येक वस्तूला एक माणूस का लागतो? दिवाळीत लाडवांच्या पिठासाठी मी म्युनिकला गेले. पापडांसाठी कलोनला गेले. लोक मला विचारतात, तू किती फिरलीस! मी कुठेही फिरलेली नाही. मी जर्मनीतली स्टेशनं आणि हॉटेलांच्या बैठकीच्या खोल्या पाहिल्यात. वर्गातल्या मुली रविवारी सीमा ओलांडून फ्रान्समध्ये जेवून येतात. मला त्यासाठी आधी व्हिसाच्या रांगेत उभं राहायला हवं, आणि तो दिवसही पार्सलातच जातो. पल्लवीला हीच मोठी सूचना द्या की निघण्यापूर्वी घरच्यांकडून शपथ घे, कुणाच्याही हाती काहीही पाठवणार नाही म्हणून.

तानूबाईला नमस्कार सांगा. मसाला मी उसळीत घालीन, तोही पोस्टाने आला तर.

रागाने लिहिलंय, तेव्हा लोभात थोडी भर घालूनच वाचावं.

मंजुषा


॥ श्री ॥

डोकमर्डी, सिल्वासा,
२५ मार्च १९८९

चि. मंजुषा हिस,
अ. उ. आ.

तुझं उत्तर अजून नाही, म्हणजे तुला जमतंय असं धरून चालते. जयंतीभाई पुढच्या आठवड्यात निघतात. आधी लंडनला मुलाकडे आणि तिथून हॅनोव्हरला. हॉटेलचा पत्ता सोबत आहे. शनिवारी भेट. श्रीखंडाच्या वड्या, चटण्या, तानूबाईचा मसाला आणि एक पातळ गोधडी दिली आहे. त्यांच्या बायकोने स्वतःच्या बॅगेत जागा करून दिली, तेव्हा त्यांना ताटकळत ठेवू नकोस. बाबांना रोज त्याच ऑफिसात बसायचंय.

घाईत आहे. जयंतीभाई येतील तेव्हा तो कोट घाल.

मायेने वाट पाहणारी,
आई


॥ श्री ॥

१९ एप्रिल १९८९

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

माझं मार्चचं पत्र तुम्हाला कधी मिळालं, मिळालं की नाही, देव जाणे. तुमचं पत्र मला शुक्रवारी मिळालं. कारखान्यात फोन लावला, तर वॉचमनने साहेब जेवायला गेलेत हे तीनतीनदा सांगेपर्यंत माझी नाणी संपली. मग बाबांना रोज त्याच ऑफिसात बसायचंय, हे वाक्य डोक्यात घेऊन शनिवारी गाडीत बसले.

जयंतीभाई हॉटेलात नव्हते. कोणीतरी त्यांना हँबुर्ग दाखवायला नेलं होतं. मी एका स्वस्त वसतिगृहात राहिले आणि रविवारचा अख्खा दिवस हॉटेलच्या खुर्चीत वही घेऊन बसले. निघून जावं असं दहादा वाटलं, आणि दहादा तुमचा चेहरा आठवला. ते संध्याकाळी आले. मी पार्सल घेतलं, नमस्कार केला आणि धावत सुटले, तरी माझी गाडी गेलीच. सोमवारी कॉलेजात पोचले तेव्हा यंत्र पुढच्या तुकडीच्या ताब्यात दिलं होतं. मी सरांना सगळं सांगितलं. ते ऐकून घेतात, पण इथे ऐकून घेतलं म्हणजे काम झालं असं नसतं. त्यांनी एवढंच विचारलं की त्या डब्यात औषध होतं का. मी काय सांगणार, वड्या होत्या म्हणून?

आता ऑक्टोबर. म्हणजे मी ऑगस्टमध्ये येत नाही. सुट्टीपुरतं येऊन परत जाणं परवडणारं नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. दोन वर्षं मी ऑगस्ट, ऑगस्ट करत काढली. डबा अजून उघडलेला नाही. उघडावासा वाटत नाही.

लोभाचं आज काही लिहीत नाही.

मंजुषा


॥ श्री ॥

डोकमर्डी, सिल्वासा,
१२ मे १९८९

चि. मंजुषा हिस,
आईचे अ. उ. आ.

तुझं मार्चचं पत्र आम्हाला मिळालं तेव्हा जयंतीभाई लंडनला पोचले होते. बाबांनी तार करायची म्हटलं, तर त्यांच्या मुलाचा पत्ता शेठकडे मागावा लागणार होता, आणि कारण काय सांगायचं, म्हणून मीच नको म्हटलं. मला वाटलं, पोर हुशार आहे, दोन्ही जमवेल. तुझं आताचं पत्र वाचून बाबा ताटावरून उठले. नकाशा फाडून टाकला त्यांनी.

तू विचारलं होतंस की प्रत्येक वस्तूला माणूस का लागतो. रागावून विचारलंस, तर मीही रागावूनच सांगते. तुमचा तो पोस्टमन मोठा गुणाचा असेल. पण तो परत येऊन मला सांगतो का, मंजुषा कशी दिसते? हसली का? खोकत होती का? तुझी पत्रं येतात, पण पत्रात तू खोकत नाहीस. मेतकूट तिथे मिळत नाही म्हणून मी पाठवते असं वाटतं तुला? मेतकुटाचं निमित्त केल्याशिवाय परक्या माणसाला कसं सांगायचं, की जरा वाट वाकडी करून माझ्या मुलीला बघून या?

आणि एवढा खटाटोप करून जयंतीभाई आले, तर त्यांनी ‘छोकरी सारी छे’, मुलगी चांगली आहे, एवढंच सांगितलं. आणखी काही आठवेना त्यांना. मी त्यांच्या दिवाणखान्यात चहाचा कप हातात धरून बसून राहिले.

तुझे सहा महिने गेले, त्याचं वाईट वाटतं. पण ऑगस्ट माझाही होता.

यापुढे कोणाच्या हाती काही पाठवणार नाही. तू मात्र पत्र पाठवत जा, भांडायला का होईना.

आई


॥ श्री ॥

४ जून १९८९

ती. आई-बाबांस,
मंजुषाचा शि. सा. न. वि. वि.

आई, पत्र वाचून मी डबा उघडला. वड्या थोड्या कडक झाल्यात, पण सगळ्या मजल्याला वाटल्या. खिडक्या उघडणाऱ्या मुलींनी दोनदा मागून घेतल्या.

तो मरून कोट माझा नाही. शेजारच्या खोलीतल्या मुलीचा आहे. कोणीही येणार असलं की मी तिच्याकडून मागून आणायची, ओठांना थोडा रंग लावायची आणि गाडीतच हसायचा सराव करायची, कारण ते परत जाऊन तुम्हाला सांगणार हे मला ठाऊक होतं. पण तुम्ही त्यासाठीच पाठवता, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही. माझ्या खऱ्या कोटाचं अस्तर फाटलंय. थंडीत माझे हात फुटले होते आणि जानेवारीत मी खूप खोकत होते. आता बरी आहे. हे मी शपथेवर लिहिते.

आता माझी पाळी. आमच्या वर्कशॉपमध्ये शिकवणारे बाउअर नावाचे फिटर जूनअखेर सिल्वासाच्या एका कारखान्यात नवीन यंत्रं बसवायला येताहेत. मी त्यांना तुमचा पत्ता दिलाय. ते तुम्हाला बघून येतील आणि मला सांगतील. काही सूचना आहेत. जेवणात तिखट घालू नका. पाणी उकळून द्या. सांगितल्या वेळेला ते दारात उभे राहतील, तेव्हा बाबांनी बनियनवर असू नये. आग्रह एकदाच करायचा. ते नको म्हणाले म्हणजे त्यांना खरंच नको असतं. आणि त्यांच्या हाती काहीही द्यायचं नाही. आई, काहीही नाही!

मागच्या पत्रात राहिलेला लोभही यात धरावा.

तुमची,
मंजुषा


॥ श्री ॥

डोकमर्डी, सिल्वासा,
९ जुलै १९८९

चि. मंजुषा हिस,
आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे बाउअर रविवारी येऊन गेले. अगदी ठरल्या वेळेला. गुडघाभर चिखल तुडवत आले आणि बूट बाहेर काढून ठेवले, कोणी न सांगता. साधा वरणभात, बटाट्याची भाजी आणि खीर केली होती. मी एकदाच आग्रह केला. स्वतःला कसं आवरलं ते माझं मला ठाऊक. हाती काही दिलं नाही.

आता ते तुला काय सांगतील ते मी आधीच सांगते. घर नीटनेटकं होतं, असं सांगतील. तर ते अभ्रे आणि कपबशा अथालहून विश्वनाथभावजींच्या घरून आणल्या होत्या. आई हसतमुख होती, असं सांगतील. तर मी सकाळपासून तानूबाईवर तीनदा ओरडले होते. बाबा ताठ बसून इंग्रजीत यंत्रांबद्दल बोलत होते, असं सांगतील. तर शर्टाच्या आत बाबांच्या कमरेला पट्टा होता. मे महिन्यापासून त्यांची पाठ धरली आहे. जूनभर ते अंथरुणावर होते, कारखान्यात रजा टाकली आहे. तुला कळवायचं नाही असं आमचं ठरलं होतं. पाहुणे जाईपर्यंत ते बसले, आणि गेल्यावर त्यांना खुर्चीतून उठवायला मला आणि तानूबाईला दोन्ही बाजूंनी धरावं लागलं. तुझा कोट आणि यांचा पट्टा. बापलेक सारखेच.

डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन नको, आराम हवा. हे खरं आहे, तुझ्यासारखं शपथेवर लिहिते. तेव्हा हे वाचून धावत यायचं नाही. ऑक्टोबरची परीक्षा द्यायची आणि मग यायचं. आम्ही आहोत.

एक राहिलंच. बाउअर निघाले तेव्हा मी बाबांना म्हटलं, त्यांना विचारा, आमच्या मुलीला घरची आठवण येते का. बाबांनी तोंड उघडलं, पण त्यांच्याने बोलवेना. डोळे भरून आले त्यांचे. ते बिचारे गृहस्थ एकदा यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत दारात उभे राहिले. मग आम्हा दोघांचे हात हातात घेतले आणि गेले.

परक्या माणसाला विचारायची गोष्ट नव्हतीच ती. तुलाच विचारते. कोट न घालता लिही. येते का गं?

वाट पाहते आहे,
आई