मंदाला सांगितलं

३ मार्च, मोखाडा
गर्द ओढणं बंद होऊन अकरावा दिवस. अंग ठणकतंय, पण आज पेज पोटात राहिली. योहानदादांच्या घरी पडून आहे. इथली प्रार्थना तेच चालवतात. पूर्वी दारूत बुडालेले, स्वतःच सांगतात. मी सांगितलं, भिवंडीला गोदामात हमाली करताना हे लागलं. सगळं नाही सांगितलं. त्यांनी खोदून विचारलं नाही, डोक्यावर हात ठेवला. मी मनात म्हटलं, येशू, तू खरा असशील तर आजचा दिवस निभावून ने.
निभावला.

१९ मार्च, सूर्यमाळ
पाड्यावर परत. झऱ्यावरून पाणी आणायला गेलो. हंडा दोनदा सांडला. आयस म्हणाली, "पोरा, गावदेवाला नवस बोललेले म्हणून सुटलास. कोंबडा द्यायचाय." मी बोलून गेलो, मला येशूने सोडवलं. ती जेवली नाही.

२३ मार्च
प्रार्थनेनंतर दादांना विचारलं, कोंबड्याचं काय करू? "तू तुझा विश्वास धर. पण आईशी भांडू नको. तिच्या नवसातही तूच होतास."

८ एप्रिल
मोखाड्यात राजू भेटला. भिवंडीत बरोबर ओढायचो. हात मिळवला न् माझ्या हातात पुडी. परत दिली नाही. खिशात घातली, तसाच प्रार्थनेला बसलो. सगळे गात होते, मीही. काय गायलो, आठवत नाही. सगळे गेल्यावर पुडी दादांपुढे ठेवली.
"मी नाही टाकणार. तू टाक."
मोरीत ओतली. बोटाला लागलेलं चाटावंसं वाटलं. खरं तेच लिहितोय. राखेने हात घासले. दादा तांब्याने पाणी ओतत उभे.

९ एप्रिल
दिवसभर पडून. घेतली नाही. बस.

२७ एप्रिल, दाभोसा
मंदाकडे गेलो. दोन वर्षं झाली, बायको माहेरीच आहे. मेव्हणा दारात आडवा उभा. ती ओट्यावर तांदूळ पाखडत होती. मी म्हटलं, देवाने मला माफ केलं.
"देवाचं काय विकलं होतंस? पैंजण माझे विकलेस. पोरगी तापाने फणफणत होती, औषध आणायला म्हणून गेलास, तिसऱ्या दिवशी उगवलास."
मग सगळं सांगितलं. औषधाच्या दुकानापर्यंत गेलोच नव्हतो, तेही. तिने सूप खाली ठेवलं.
"जा आता. जीप चुकेल."

५ मे, सूर्यमाळ
आयसने कोंबडा दिला. मी गेलो नाही, भांडलोही नाही. तिचे दोन्ही हंडे भरून ठेवले. आल्यावर हंड्यांकडे बघत म्हणाली, "सांग तुझ्या येशूला, माझ्या पोराला सोडू नको म्हणावं."
बाहेर जाऊन रडलो.

१४ मे, मोखाडा
मंदाचा निरोप होता, बाजाराला येते म्हणून. आली, रेशमाला घेऊन. पोरगी आधी तिच्या पदराआड. मग जांभळं खाता खाता विचारते, "बा, तू आता कुठं राहतो?"
"आजीकडं."
"मग आमच्याकडं कधी येणार?"
मी मंदाकडे बघितलं. तिने रेशमाचं तोंड पुसलं. जीपमध्ये बसताना म्हणाली, "पुढच्या बाजाराला येऊ."