पाण्याच्या रोलरची चूक

नाना, तुमच्या रोलरमध्ये काहीही चूक नव्हती. एवढं एक वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली, आणि तेही तुम्ही वाचायला उरला नाहीत तेव्हा. परवा धाकट्या भावाच्या मुलाचा साखरपुडा झाला. जेवणं उरकल्यावर पाहुण्यांपुढे त्याने आपली नेहमीची गोष्ट काढली. आमच्या नानांनी कंपनीत पाण्याचा रोलर बसवला, शेठला खूश केलं, आणि त्याच रोलरने शेठचा अख्खा लॉट भिजवून ठेवला! सगळे हसले. तुमच्याविषयी माया ठेवूनच हसले, पण हसले. मी सुपारीचं ताट फिरवत होते, मीही हसले. घरी आल्यापासून तेच हसू आठवतंय, म्हणून ही वही काढून बसले आहे.

धुळ्याकडची गिरणी बंद पडल्यावर आपण सिल्वासाजवळ नरोलीला आलो, ती दहा बाय दहाची खोली, वर सिमेंटचे पत्रे आणि सहा बिऱ्हाडांत एक नळ. आईला तुमची नवी नोकरी कळेचना. शर्टाच्या कॉलरच्या पोटात एक कडक कापड असतं, ते इथे बनतं, असं तुम्ही सांगितलंत. त्याच्या एका अंगाला पावडरीचे बारीक ठिपके बसवलेले असतात, गरम दाबलं की ते विरघळतात आणि कापड कापडाला धरतं. गोंद नाही, टाका नाही. "एवढासाठे कंपनी काढेल शे?" आई म्हणाली. मग तुम्ही स्टोव्हशेजारी घोंगडी अंथरली, शेजारच्यांची इस्त्री मागून आणली आणि आईच्या जुन्या ब्लाउजच्या तुकड्यावर तो कंपनीचा तुकडा दाबून दाखवलात. मला कुठला धीर! मी लगेच कोपरा धरून ओढला, अर्धा सुटून हातात आला. तुम्ही माझ्या हातावर फाटकन मारलंत. "गरम शे तवर वढू नको! थंड होऊ दे, तवय समजी धरेल शे का नही." तुम्ही मला मारलेलं तेवढं एकच आठवतं. दुसरा तुकडा तुम्ही ताटलीखाली थंड करत ठेवलात, आणि तो मी, आई, धाकटा, कुणाच्यानेच निघाला नाही. तुम्ही इतके हसत होतात, जणू ते कापड तुम्हीच शोधून काढलं होतं.

पुढे खरंच एक गोष्ट तुम्ही शोधून काढलीत, आणि तिथूनच सगळं सुरू झालं. सिल्वासाचा उन्हाळा, पत्र्याची शेड, त्यात पावडर कापडावर बसवायचा ओव्हन. ओव्हनमधून आलेलं कापड गरम असतानाच गुंडाळलं जायचं आणि ठिपके पुढच्या थराच्या पाठीला चिकटून बसायचे. गुंडाळी उलगडताना चर्रर्र आवाज व्हायचा आणि निम्मं कापड वाया जायचं. मुंबईहून आलेल्या माणसाने सांगितलं की परदेशातून मशीन मागवावं लागेल. तुम्ही भंगारातून एक जाड पोकळ पाइप उचललात, दोन्ही टोकांना नळ्या लावल्यात, आणि बोअरच्या टाकीचं पाणी त्यातून खेळवलंत. हाच तुमचा पाण्याचा रोलर. कापड ओव्हनमधून निघून त्या गार पाइपावरून जायचं आणि मग गुंडाळलं जायचं. चिकटणं थांबलं. शेठ स्वतः येऊन पाइपाला हात लावून गेला. "नाना, आ तो मगज चलाव्युं तमे!" त्या संध्याकाळी तुम्ही पेढे आणलेत आणि पहिला माझ्या हातावर ठेवलात, कारण बारावी झालेली मी तेव्हा तुमच्याच शब्दावर टेस्टिंगच्या खोलीत लागले होते. खालच्या माणसाचं डोकं वरच्यांनी मानलं, हे आपल्या घरात पहिल्यांदाच घडत होतं. खोटं कशाला सांगू, मला तुमचा फार अभिमान वाटला होता.

माझं काम तुम्हाला पाठ होतं. प्रत्येक लॉटचा एक तुकडा शर्टाच्या कापडावर गरम दाबायचा, थंड करायचा, मग सोडा-साबणाच्या पाण्यात तीन वेळा उकळायचा. दर उकळीनंतर वाळवून ओढून बघायचा आणि रजिस्टरमध्ये बरोबरची खूण करायची. तीन उकळ्या, तीन खुणा. यात सगळा दिवस जायचा.

त्या वर्षी आपल्याकडच्या बायकांनी ठरवलं की अक्षय्य तृतीयेची आखाजी इथेच करायची. गावी जायला कुणाला सुट्टी मिळणार होती? जळगावकडच्या, नंदुरबारकडच्या, सगळ्या मिळून चाळीमागच्या चिंचेला झोका बांधला. शेठ गुजराती, त्याला आखाजीचं काय. सुपरवायझर म्हणाला, काम संपवून दुपारी गेलीस तर जा. आणि नेमका त्याच दिवशी नव्या पावडरीचा पहिला लॉट टेस्टिंगला आला. पहिली उकळी काढली, तुकडा वाळवला, ओढला. पक्का धरला होता. खिडकीतून गौराईच्या गाण्याचा आवाज येत होता, निदान मला तरी येतोय असं वाटत होतं. मी उरलेल्या दोन खुणा करून टाकल्या, स्टोव्ह विझवला आणि पळत सुटले. हे काही मोठं पाप आहे असं माझ्या मनातही आलं नाही. तोवर कुठला लॉट तिसऱ्या उकळीला सुटला होता?

तो लॉट पावसाळा सरता सरता परत आला. शर्ट शिवून दुकानांत गेलेले, लोकांनी घालून धुतलेले, आणि प्रत्येक कॉलरवर फोड. शेठच्या टेबलावर त्या कॉलरी पसरलेल्या होत्या. तुम्हाला बोलावलं, सुपरवायझरला बोलावलं, आणि रजिस्टर घेऊन मला. "बेन, त्रण वार उकाळेलुं ने?" शेठने तीन उकळ्यांचं विचारलं. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही बोललात. "शेठ, वो मेरे लडकी का काम है. उसमें खोट नै मिलेगा." मग तुम्ही एक कॉलर हातात घेतलीत, उलटीपालटी केलीत आणि सावकाश बोलायला लागलात. टेस्टिंगला तुकडा गुंडाळीच्या सुरुवातीचा जातो. तेव्हा पाइप कोरडा असतो. पुढे गार पाण्याने पाइपाला बाहेरून घाम येतो, ती ओल कापडात शिरते. लडकीचा तुकडा पास झाला म्हणजे पावडर चांगली, मग उरलं काय? "गलती मेरे रोलर का है, शेठ." कुणीही तुमच्यावर आरोप केला नव्हता, नाना. तुम्हीच हिशेब मांडलात आणि तो बरोबर मांडलात. त्यात धरलेली एक गोष्ट खोटी होती, आणि ती माझ्या हातातल्या रजिस्टरमध्ये होती. मी रजिस्टर मिटून छातीशी धरलं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, इथे तर संन्यासी आपण होऊनच सुळाकडे चालत गेला.

दुसऱ्या दिवशी तुमचा पाइप गॅसने कापून काढला. तुम्हाला पॅकिंगमध्ये टाकलं, पुठ्ठ्याच्या खोक्यांना दोरी बांधायला. त्याच आठवड्यात मी टेस्टिंगच्या खोलीचं दार लावून त्या लॉटचा उरलेला तुकडा उकळला. पहिल्या उकळीला धरला. दुसऱ्या उकळीला ठिपके सुटून पाण्यावर तरंगायला लागले. पावडरच हलकी होती. तुमच्या रोलरवर ओल आली असेल नसेल, तिचा काही संबंध नव्हता. मी ते पाणी मोरीत ओतलं. सांगितलं असतं तर मला काढून टाकलं असतं, घर अर्धं माझ्यावर चालत होतं, धाकटा शाळेत होता, हे सगळं खरं आहे. पण तुम्ही घरी मला रागावला असता का? नसता. मला भीती रागाची नव्हती. "मनी पोर" म्हणताना तुमचा आवाज जसा व्हायचा, तो तसा पुन्हा झाला नसता.

त्यानंतर दर रविवारी तुम्ही स्टोव्हशेजारी इस्त्री घेऊन बसायचात. चूक नक्की कुठे झाली, किती ओलीला कापड धरत नाही, हे तुम्हाला कळून घ्यायचं होतं. मी कंपनीतून तुकडे आणून द्यायचे, त्या लॉटचा मात्र एकही कधी आणला नाही. तुम्ही कापड भिजवून दाबायचात, अर्धवट वाळवून दाबायचात, वाफेवर धरून दाबायचात. सगळे धरायचे. आई करवादायची की तिची पातेली साबणाने खराब होतात. एकदा तुम्ही वाळलेला तुकडा दोन्ही हातांनी ओढून पाहिलात. "ओल दिधी तरी धरस. मंग तवय का बरं सुटनं? पावडर तर नही..." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी कणीक मळत होते. मग तुम्हीच मान हलवलीत. "नही नही. तू तर तीन डाव उकाळेल शे." आणि नवा तुकडा भिजवायला घेतलात. मी कणकेत पाणी जास्त घातलं, त्या दिवशी पोळ्या चिकट झाल्या आणि तुम्ही त्या तशाच खाल्ल्यात.

सरकारी दवाखान्यात शेवटच्या दिवसांत तुम्हाला दम लागायचा, बोलणं तुटायचं. तरी विषय तोच. पाइपावर घोंगडीचं कापड गुंडाळलं असतं तर घाम शोषला गेला असता, असं तुम्ही मला समजावत होतात. मग थांबलात आणि विचारलंत, संशयाने नाही, माणूस कुलूप लागलंय ना म्हणून हात लावून बघतो तसं. "तीन डाव उकाळेल व्हतं ना, बाई?" तोवर मी तोंडाने खोटं बोलले नव्हते. कागदावर दोन खुणा, एवढंच होतं. मी तुमचं पांघरूण सारखं केलं आणि म्हणाले, "हा, नाना. तीन डाव." तुम्ही डोळे मिटलेत. "मंग मनीच चूक," म्हणालात. तुम्हाला जरा बरं वाटल्यासारखं दिसलं. पोरीचं काम खरं होतं, एवढ्यावर तुम्ही समाधानी होतात.

धाकट्याला हे सांगावं असं आज दिवसभर वाटत होतं. फोनही हातात घेतला. पण तो आता मुलाच्या लग्नाच्या गडबडीत आहे, आणि खरं म्हणजे मी सांगणार नाही. लग्नातही तो ती गोष्ट सांगेल, आणि मी तिथेच असेन. ही पानंही वहीतच राहतील, माझ्या मागे कुणाच्या हाती लागली तर लागली.

एक मात्र तुम्हाला सांगते, कारण ते दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही. दवाखान्यात तुम्ही ते विचारलंत, त्यानंतर दोन दिवसांनी पहाटे नर्सने मला उठवलं आणि तुम्ही गेलात म्हणून सांगितलं. तेव्हा रडू यायच्या आधी माझ्या मनात आलं, चला, आता कुणी विचारणार नाही. क्षणभरच आलं. पण आधी ते आलं, नाना. रडू नंतर आलं.